पोलिसांची डायरी आणि नागरिकाचा अर्ज
(आसनगाव येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

मित्रहो, सुरुवात एका साध्या प्रश्नाने करू. आसनगाव स्टेशनच्या फलाटावर एखाद्या माणसाला खाकी वर्दीतल्या कोणी काठी मारली, तर त्याची माहिती मागायची कोणाकडे?

आपण पटकन म्हणतो, "पोलिसांकडे." पण कुठल्या पोलिसांकडे? फलाटावर लोहमार्ग पोलीस असतात, ते राज्याचे. त्यांच्याच शेजारी रेल्वे सुरक्षा दलाचा जवान उभा असतो, तो केंद्राचा. जिना उतरून बाहेर रिक्षा स्टँडवर आलात की ठाणे ग्रामीण पोलिसांची हद्द. लोकल पकडून कल्याणला उतरलात की ठाणे शहर पोलीस आयुक्तालय. मुरबाडकडे गेलात की पुन्हा ग्रामीण. म्हणजे रोज कामाला जाणारा आपला माणूस सकाळ-संध्याकाळ तीन-चार पोलीस यंत्रणांच्या हद्दी ओलांडतो. मार खाताना त्याला हद्द विचारायची सोय नसते. माहिती मागताना मात्र हद्द आधी सांगावी लागते.

अमेरिकेत पोलीस बहुतांशी शहराचे असतात. तिथला नागरिक शहराला अर्ज करतो, नगरसभेला जाब विचारतो. आपल्याकडे तसे नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत पोलीस हा विषय राज्यांच्या यादीत आहे. मुंबईचा पोलीस आयुक्त मुंबई महापालिकेला उत्तर देत नाही आणि शहापूरचा पोलीस निरीक्षक शहापूर नगरपंचायतीला उत्तर देत नाही. आपण ज्यांना गल्लीत मत देतो, त्यांच्या हातात काठीचा हिशेब नाही. मग सामान्य माणसाच्या हातात काय उरते? एक अर्ज. त्या अर्जाचा इतिहास आज आपल्याला पाहायचा आहे.

आम्ही तत्त्वज्ञान शिकवले, कायदा नाही. पण हा प्रश्न मुळात तत्त्वज्ञानाचाच आहे. मॅक्स वेबर याने १९१९ मध्ये राज्यसंस्थेची एक व्याख्या केली. ठरावीक प्रदेशात वैध बळ वापरण्याचा एकाधिकार जिच्याकडे आहे, ती राज्यसंस्था, असा तिचा आशय. वर्गात आम्ही ही व्याख्या सांगायचो तेव्हा मुलांचे लक्ष 'बळ' आणि 'एकाधिकार' या शब्दांकडे जायचे. खरा वजनदार शब्द 'वैध' हा आहे. काठी तर गुंडाकडेही असते. पोलिसाची काठी वैध ठरते, कारण ती कायद्याने बांधलेली असते. ती बांधलेली होती की नाही, हे कळणार कशावरून? नोंदीवरून. नोंद नसेल किंवा असून दिसत नसेल, तर 'वैध' हा शब्द केवळ विश्वासावर उभा राहतो.

आता ही नोंद मुळात कोणासाठी लिहिली जात होती ते बघू. १८५७ नंतर इंग्रजांनी पोलिसांची घडी बसवली. १८६१ चा पोलीस कायदा आला. मुंबई इलाख्याचे कायदे स्वतंत्र होते. १८९० चा जिल्हा पोलीस कायदा आणि पुढे स्वातंत्र्यानंतर १९५१ चा मुंबई पोलीस कायदा, ज्याला आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणतात. या सगळ्या व्यवस्थेत कागद भरपूर होता. स्टेशन डायरी, केस डायरी, पंचनामे, मुद्देमालाची नोंद, शस्त्रे आणि काडतुसे दिल्या-घेतल्याची नोंद. हवालदाराला लिहिण्यातून सुटका नव्हती. पण हे सारे लिखाण वर जाण्यासाठी होते. हवालदाराने लिहायचे, फौजदाराने पाहायचे, साहेबाने सही करायची. ज्याच्याविषयी लिहिले त्याने ते वाचावे, अशी कल्पनाच त्या व्यवस्थेत नव्हती.

यात एक गमतीची विसंगती आहे. १८७२ च्या पुरावा कायद्यात इंग्रजांनी एक कलम घातले, पंचविसावे. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालणार नाही, असे ते कलम सांगत होते. म्हणजे कोठडीत काय चालते हे सरकारला पक्के ठाऊक होते. १८५४ मध्ये मद्रास इलाख्यात छळाच्या तक्रारींची चौकशी करणारा आयोगच नेमला गेला होता आणि त्याचा अहवाल छापून प्रसिद्धही झाला होता. सरकारचा आपल्या पोलिसांवर विश्वास नव्हता, पण तो अविश्वास बाळगायचा अधिकार त्याने स्वतःकडे ठेवला, रयतेला दिला नाही. त्याच १८७२ च्या कायद्याच्या १२३ व्या कलमाने राज्यकारभाराची अप्रकाशित कागदपत्रे झाकण्याची सोय केली. १९२३ मध्ये शासकीय गुपिते कायदा आला आणि झाकण घट्ट बसले.

हे सगळे दूरचे वाटेल, म्हणून आपल्याच डोंगराकडे वळू. मुरबाड तालुक्यातला सिद्धगड आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे तिथे पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल हे माथेरानचे, शिक्षणाने वकील. 'चले जाव'च्या हाकेनंतर त्यांनी आझाद दस्ता उभारला आणि मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडून इंग्रज सरकारला जेरीस आणले. आज २ जानेवारीला सिद्धगडावर लोक जमतात, मानवंदना दिली जाते. पोलीसही मानवंदना देतात, हे विशेष. आता विचार करा. त्या पहाटेच्या सरकारी कागदात कोतवालांचे वर्णन हुतात्मा असे असणे शक्यच नव्हते. सरकारच्या लेखी ते फरारी आरोपी होते. गोळी कोणी झाडली, किती अंतरावरून, शरण येण्याची संधी दिली होती का, हे प्रश्न विचारणारी कुठलीही रीत तेव्हाच्या नागरिकाकडे नव्हती. त्या पहाटेची आठवण टिकली ती गावागावांत सांगत राहिलेल्या लोकांमुळे.

दुसरी घटना दोनच वर्षांनंतरची. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातली, आताच्या पालघरची. जमीनदारांच्या वेठबिगारीविरुद्ध वारली उठले होते. गवत कापण्याच्या मजुरीसाठी संप चालू होता. १० आणि ११ ऑक्टोबर १९४५ ला तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण मेले. गोदावरी परुळेकरांच्या जिवाला धोका आहे अशी अफवा पसरवून आदिवासींना तिथे बोलावले गेले आणि दुसरीकडे पोलिसांना सांगितले गेले की सशस्त्र जमाव चाल करून येतोय. चळवळीच्या बाजूने सांगितला गेलेला वृत्तांत असा आहे. गोदावरीबाईंनी पुढे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक लिहिले, त्याला १९७२ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. म्हणून मराठी वाचकाला आज वारल्यांचा लढा माहीत आहे. पण मंडळी, प्रत्येक गोळीबाराला गोदावरी परुळेकर मिळत नाहीत. जिथे लिहिणारे माणूस पोहोचले नाही, तिथे फक्त पोलिसांची नोंद उरली आणि तीही बंद कपाटात.

स्वातंत्र्य आल्यावर हे बदलायला हवे होते. संयुक्त महाराष्ट्राचा लढा घ्या. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला, जानेवारी १९५६ मध्ये मुंबईत पुन्हा झाला. हुतात्मे किती? आपण १०५ म्हणतो, १०६ म्हणतो, १०७ असेही म्हणतात. आपल्या राज्याच्या जन्माशी जोडलेली संख्या, आणि तिच्यावर अजून चर्चा होते. ती यादी चळवळीने जपली. चिंतामणराव देशमुखांनी केंद्रीय अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला तो मुंबईच्या प्रश्नावर, हे सगळ्यांना आठवते. मुंबईतल्या गोळीबाराची न्यायालयीन चौकशी सरकार नाकारते, हाही त्यांच्या टीकेचा एक भाग होता, हे मात्र फारसे कोणाला आठवत नाही. देशाच्या अर्थमंत्र्याला जी चौकशी मिळाली नाही, ती शहापूरच्या मजुराला कुठून मिळणार?

पुढे एक रीत पडली. मोठा गोळीबार झाला, लोक फारच चिडले की सरकारने आयोग नेमायचा. आयोगांचा उपयोग झाला नाही असे आम्ही म्हणणार नाही. १९९२-९३ च्या मुंबई दंगलींची चौकशी न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने केली. जानेवारी १९९६ मध्ये सरकारने तो आयोगच गुंडाळला, मे १९९६ मध्ये पुन्हा जिवंत केला आणि १९९८ मध्ये अहवाल आला. त्यात मृत्यूंची कारणे मांडली आहेत. एकूण ९०० मृत्यू. त्यांतले ३५६ पोलिसांच्या गोळीबारात, ३४७ भोसकल्यामुळे, बाकीचे जाळपोळ, जमावाची मारहाण, खासगी गोळीबार आणि इतर कारणांनी. पोलिसांची गोळी हे सर्वांत मोठे एक कारण होते, हे आज आपण सांगू शकतो. कारण एका न्यायाधीशाला राज्याची कागदपत्रे मागवायचा अधिकार होता. त्या ३५६ मध्ये कुठली गोळी योग्य होती आणि कुठली नव्हती, हा वाद त्यानंतरचा. वाद घालायलाही आधी आकडा लागतो.

दुसरे उदाहरण घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरचे. ११ जुलै १९९७, राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात दहा जण मेले. गुंडेवार आयोगाने तो गोळीबार असमर्थनीय ठरवला. गोळीबाराचा आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याला सत्र न्यायालयाने शिक्षा दिली ती २००९ मध्ये. बारा वर्षे गेली. आणि हे तर मुंबई शहर, जिथे वर्तमानपत्रे आहेत, वकील आहेत, आमदार धावून येतात. किन्हवलीच्या, डोळखांबच्या, टोकावड्याच्या पाड्यावरच्या एका माणसासाठी कोण आयोग नेमणार? आयोग गर्दीच्या मृत्यूला मिळतो. एकट्या माणसाच्या मुस्काटात बसलेल्या थपडेला आयोग नसतो.

इथे माहितीच्या अधिकाराचे महत्त्व सुरू होते. हा अधिकार दिल्लीहून भेट आलेला नाही. राजस्थानात मजूर किसान शक्ती संघटनेच्या लोकांनी हजेरीपट मागितले, आमच्या नावावर किती मजुरी उचलली ते दाखवा म्हणाले. १९९६ मध्ये ब्यावरला त्यांनी धरणे धरले. महाराष्ट्रात अण्णा हजारेंच्या आंदोलनाने रेटा लावला. आपल्याकडे आधी २००० चा एक कमजोर कायदा आला, मग २००२ चा अधिक चांगला. केंद्राचा कायदा लागू झाला १२ ऑक्टोबर २००५ ला. त्या दिवशी देशातला पहिला अर्ज कुठे दाखल झाला, सांगा बरे? पुण्यात, आणि तोही एका पोलीस ठाण्यात. आम्हाला ही गोष्ट फार बोलकी वाटते. कायदा सगळ्या खात्यांसाठी होता, पण पहिले पाऊल पडले ते ठाण्याच्या पायरीवर.

आता या कायद्याने नेमके काय बदलले? एक गोष्ट नीट समजून घ्या. या कायद्याने प्रश्नाचे उत्तर मिळत नाही, कागद मिळतो. "माझ्या भावाला का मारले?" असा अर्ज केलात तर उत्तर येईल की अशी माहिती या कार्यालयात उपलब्ध नाही. आणि ते उत्तर कायद्याला धरून असेल. कारण कायद्याच्या लेखी माहिती म्हणजे जे कुठल्या तरी रूपात नोंदलेले आहे ते. म्हणून विचारायचे असे : अमुक तारखेच्या अमुक वेळेतल्या स्टेशन डायरीच्या नोंदींची प्रत. त्या दिवशी कर्तव्यावर असलेल्या अंमलदारांचा ड्युटी तक्ता. अटकेचा पंचनामा. वैद्यकीय तपासणीला नेल्याची नोंद. गोळीबार झाला असेल तर शस्त्र आणि काडतुसे दिल्याची व परत घेतल्याची नोंद. बंदोबस्ताचा आदेश.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे ओळखीचे वाटेल. आपण कागदाला "शिवाजी महाराजांच्या मनात काय होते?" असे विचारत नाही. पत्र कोणी लिहिले, कोणत्या तारखेला, कोणाला, हे विचारतो आणि त्यावरून पुढे जातो. माहिती मागणारा नागरिक आपल्याच काळाचा इतिहासकार असतो. फरक इतकाच, की त्याचा कागद अजून गरम असतो.

कागद जुळवून पाहिले की ते बोलू लागतात. डायरीत अटक संध्याकाळी सातची आणि वैद्यकीय नोंद दुपारी चारची, तर मधले तीन तास कुठे गेले? दोन पंचनाम्यांत तेच दोन पंच, आणि दोन जागा वीस किलोमीटर लांब, तर पंच गेले कसे? असा एक विसंवाद हातात असला, की न्यायालयात उभे राहता येते.

आता या नोंदी असतातच का? असायला हव्यात, कारण न्यायालयांनी त्या ठेवायला लावल्या. १९८६ मध्ये पश्चिम बंगालमधल्या डी. के. बसू यांनी कोठडीतल्या मृत्यूंविषयी सर्वोच्च न्यायालयाला एक पत्र लिहिले. त्या पत्राचीच याचिका झाली आणि डिसेंबर १९९६ मध्ये निकाल आला. अटक करणाऱ्याच्या छातीवर नाव आणि हुद्दा हवा, अटकेच्या कागदावर साक्षीदाराची सही हवी, नातेवाइकाला कळवायला हवे, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी हवी. २०१४ मध्ये पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात चकमकीतल्या मृत्यूंसाठी १६ निर्देश आले. २०१६ मध्ये आदेश झाला की संवेदनशील गुन्हे वगळून प्रत्येक एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकावा. डिसेंबर २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी खटल्यात न्यायालयाने सांगितले की प्रत्येक पोलीस ठाण्यात, लॉकअपमध्ये, व्हरांड्यात, दारावर सीसीटीव्ही हवा, आणि चित्रण १८ महिने जपायला हवे. तेवढी यंत्रणा मिळत नसेल तरी एक वर्षापेक्षा कमी नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३७ व्या कलमाप्रमाणे अटक केलेल्यांची नावे आणि गुन्ह्याचे स्वरूप प्रत्येक ठाण्यात ठळकपणे लावायचे आहे.

पण या साखळीत एक मोठे छिद्र आहे. गोळी सुटली की काडतुसाचा हिशेब लागतो. माणूस कोठडीत मेला की दंडाधिकाऱ्याची चौकशी लागते आणि २४ तासांत राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला कळवावे लागते. लाठीचे तसे नाही. कायदा म्हणतो की अटक करताना गरजेपुरतेच बळ वापरा. पण किती वापरले, कोणावर, का, याची प्रत्येक वेळची वेगळी, लोकांना पाहता येईल अशी नोंदवही ठेवायची सक्ती कुठल्याही कायद्यात नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी आकडेवारी छापतो, ती राज्यांची. आपल्या तालुक्याच्या ठाण्यात काय झाले ते त्या जाड ग्रंथात सापडत नाही. आणि ग्रामीण भागात माणूस गोळीला कमी, काठीला जास्त भेटतो. म्हणजे जे बळ आपल्या वाट्याला सर्वांत जास्त येते, त्याचीच नोंद सर्वांत कमी आहे.

आता नकाराकडे येऊ. अर्ज केला की बहुतेक वेळा आठव्या कलमाची ढाल पुढे येते. "तपास चालू आहे, कलम ८(१)(ज), माहिती देता येत नाही." इथे घाबरून परत फिरू नका. कायदा असे म्हणत नाही की तपास चालू असला की सगळेच बंद. माहिती दिल्याने तपासात अडथळा येईल, असे असायला हवे. भगतसिंग विरुद्ध मुख्य माहिती आयुक्त या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये हेच स्पष्ट केले : नुसता तपास चालू असणे पुरेसे नाही, अडथळा कसा येईल ते दाखवायला हवे. दुसरी ढाल असते खबऱ्याच्या जिवाची. ही ढाल खरी आहे, तिचा मान राखला पाहिजे. पण त्यासाठी दहावे कलम आहे. नाव झाका, बाकीचा कागद द्या. केस डायरी सहसा मिळत नाही, ती आरोपीलाही मागता येत नाही, तेव्हा तिच्यामागे शक्ती घालवू नये. गुप्तवार्ता संघटनांना कायद्यातून वगळता येते, पण चोविसाव्या कलमात सांगितले आहे की भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाच्या आरोपांची माहिती वगळता येत नाही. व्यक्तिगत माहितीच्या कलमात मात्र २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने बदल केला आहे आणि ती वाट अरुंद झाली आहे. सार्वजनिक हित मोठे असेल तर माहिती देता येते, हे कलम ८(२) अजून शाबूत आहे. अर्जात त्याचा आधार घ्यायला विसरू नका.

आणि इतिहासवाल्यांसाठी एक कलम आहे ज्याच्याकडे फार कमी लोक बघतात. कलम ८(३). घटनेला वीस वर्षे झाली की आठव्या कलमाच्या तीन बाबी सोडून बाकीचे अपवाद गळून पडतात. तपासाची ढालही गळते. रमाबाई नगरच्या गोळीबाराला २०१७ मध्ये वीस वर्षे पूर्ण झाली. मावळचा गोळीबार ९ ऑगस्ट २०११ चा, त्याला २०३१ मध्ये होतील. तोवर कागद राहायला हवेत, हीच अडचण. सरकारी दप्तराचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. 'अ' कायम ठेवायचे, 'ड' वर्षभरात नष्ट करायचे. कुठली डायरी कुठल्या वर्गात घातली, यावर आपला इतिहास ठरतो. म्हणून मोठी घटना घडली की लगेच अर्ज करावा. मिळाले नाही तरी त्या कागदावर प्रश्न टांगलेला राहतो, आणि अपील चालू असलेला कागद रद्दीत घालणे सोपे नसते. सीसीटीव्हीच्या बाबतीत तर दिवस मोजावेत.

पद्धत थोडक्यात सांगतो. अर्ज त्या कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तोही नाही. महाराष्ट्राच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द. हद्द चुकली तरी घाबरायचे कारण नाही, सहाव्या कलमाप्रमाणे अर्ज पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवणे हे त्यांचे काम. उत्तर ३० दिवसांत. पण जीविताचा आणि स्वातंत्र्याचा प्रश्न असेल, माणूस उचलून नेलाय आणि पत्ता नाही, तर ४८ तासांत. नकार आला तर ३० दिवसांत पहिले अपील त्याच खात्यातल्या वरिष्ठाकडे, मग ९० दिवसांत दुसरे अपील राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे. विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड. कागदावर सगळे चोख आहे. आयोगात तारखेसाठी थांबावे लागते, तेव्हा माणसाची चिकाटी लागते.

हे एवढे सगळे कशासाठी, असे कोणी विचारेल. पोलीस आपल्यासाठीच राबतात ना? राबतात. गणपतीत, निवडणुकीत, पुरात, महामार्गावरच्या अपघातात त्यांच्या कामाला घड्याळ नसते. म्हणूनच सर्वांत अवघड उदाहरण घेऊ, सोपे नको. २३ सप्टेंबर २०२४. बदलापूरच्या शाळेतल्या चिमुरड्यांवरच्या अत्याचाराच्या प्रकरणातला आरोपी मुंब्रा बायपासवर पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. त्याआधी महिनाभर, २० ऑगस्टला, बदलापूरला लोक रुळांवर उतरले होते. गाड्या तासन् तास बंद होत्या, शेवटी लाठीमार झाला. आरोपीबद्दल कोणाच्याही मनात दया नव्हती. त्याच्या मृत्यूनंतर लोकांनी आनंद व्यक्त केला. पोलिसांचे म्हणणे होते की त्याने पिस्तूल हिसकावून गोळ्या झाडल्या, म्हणून स्वसंरक्षणार्थ गोळी मारली. जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांचा अहवाल उच्च न्यायालयापुढे आला, त्यात गाडीतल्या पाच पोलिसांना मृत्यूला जबाबदार धरले होते. एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने विशेष तपास पथकाचा आदेश दिला. दोष कोणाचा ते न्यायालय ठरवेल, आपण ठरवायचे नाही.

आपला प्रश्न वेगळा आहे. ज्याच्याविषयी तिरस्कारच वाटतो, त्याच्या मृत्यूचा कागद का मागायचा? इमॅन्युएल कांटने १७९५ मध्ये शाश्वत शांततेवरच्या निबंधात एक कसोटी सांगितली. दुसऱ्यांच्या हक्कांशी संबंध असलेल्या ज्या कृतीचे तत्त्व उघड सांगता येत नाही, ती कृती अन्यायाची, असा तिचा अर्थ. आता लावून बघा. "हा माणूस वाईट आहे म्हणून खटल्याविना मारला" असे कुठला अधिकारी डायरीत लिहील? कोणी लिहिणार नाही. ते लिहिता येत नाही, यातच सगळे आले. उलट खरोखर स्वसंरक्षण असेल, तर ते तासा-मिनिटांसह लिहिता येते, दाखवताही येते. म्हणजे उघडी नोंद ही प्रामाणिक पोलिसाची ढाल आहे. ज्या अंमलदाराने कायदा पाळला, त्याला बंद कपाटाचा काय फायदा? बंद कपाट त्याला आणि त्याच्या शेजारच्या उर्मट माणसाला एकाच तराजूत तोलते.

बाहेरच्या जगाचाही एक दाखला देतो. शिकागोत ऑक्टोबर २०१४ मध्ये एका सतरा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला पोलिसाने सोळा गोळ्या घातल्या. मुलगा चाकू घेऊन अंगावर येत होता, असे पोलीस म्हणत होते. एका मुक्त पत्रकाराने माहितीच्या कायद्याखाली गाडीतल्या कॅमेऱ्याचे चित्रण मागितले. शहराने नाकारले, तो न्यायालयात गेला, आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये चित्रण बाहेर आले. मुलगा दूर चालत जात होता. पुढे तो पोलीस दोषी ठरला. एक अर्ज, एक नकार, एक दावा आणि तेरा महिने. आपल्याकडच्या वाटेपेक्षा ती वाट फार वेगळी नाही.

मात्र ही वाट निर्धोक आहे असे सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी माहितीच्या अधिकाराने जमिनींचे व्यवहार उजेडात आणत होते. १३ जानेवारी २०१० च्या सकाळी त्यांचा भर रस्त्यात खून झाला. म्हणून एकट्याने अर्ज करू नका. दोघा-चौघांनी वेगवेगळे अर्ज करा, प्रती दुसऱ्यांकडे ठेवा. आणि हा अर्ज कोण करू शकतो तेही पाहा. ज्याला लिहिता येते, ज्याचे पोट रोजच्या मजुरीवर नाही, ज्याला उद्या त्याच ठाण्यात दाखल्यासाठी जायची भीती नाही. म्हणजे कातकरी पाड्यावरचा तरुण नाही, वीटभट्टीवरचा मजूर नाही. त्याच्या नावाचा कागद मागायचे काम आपल्यासारख्या पेन्शन घेणाऱ्यांचे, शिक्षकांचे, वकिलांचे, कॉलेजच्या मुलांचे आहे. कायद्याने अर्जदाराला कारण विचारता येत नाही. कोणाचाही कागद कोणीही मागू शकतो, ही या कायद्यातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे.

या तालुक्यात सुरुवात करायची तर भांडणाने करू नये. आधी ठाण्यात जाऊन अटक केलेल्यांच्या नावांचा फलक लागतो का ते पाहावे. सीसीटीव्ही किती आहेत, किती चालू आहेत, चित्रण किती दिवस राहते, एवढाच पहिला अर्ज करावा. चौथ्या कलमाप्रमाणे जी माहिती न मागता द्यायची ती दिली आहे का ते विचारावे. त्यात कोणावर आरोप नाही. वर्षातून एकदा, दर वर्षी, तेच प्रश्न विचारावेत आणि उत्तरे गावच्या वाचनालयात फाइल करून ठेवावीत. पाच वर्षांनी त्या फाइलमधून तालुक्याचा एक इतिहास तयार होईल. तो पोलिसांच्याच शब्दांत असेल आणि आपल्या कपाटात असेल. सिद्धगडच्या पहाटेचा असा एक कागद आपल्या वाचनालयात असता तर २ जानेवारीला आपण आणखी थोडे नेमके बोललो असतो.

आम्ही इथे थांबतो. आता प्रश्न घेऊ, आणि ज्यांना अर्जाचा नमुना हवा आहे त्यांनी कार्यक्रम संपल्यावर थांबावे.